बंदुकीलाही लागते उशी

विम्बल्डन म्हटलं की आपल्याला हिरवळ, पांढरे कपडे आणि फेडरर आठवतो. पण तिथली पहिली टेनिस स्पर्धा झाली १८७७ मध्ये. त्याच्या १७ वर्षं आधी, २ जुलै १८६० रोजी, विम्बल्डनच्या माळावर राणी व्हिक्टोरियाने चक्क रायफल चालवली होती!

ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनचा तो पहिला मेळावा, आणि उद्घाटनाला खुद्द राणी. आता राणीला गवतावर पालथं झोपून नेम धरा, असं सांगणार कोण? मग जोसेफ व्हिटवर्थ या नामवंत अभियंत्याने शक्कल लढवली. आपली रायफल त्याने लोखंडी रेस्टवर पक्की बसवली, नेम आधीच जुळवून ठेवला, चापाला रेशमी दोरी बांधली आणि दोरीचं टोक राणीच्या हाती दिलं. फीत कापतात तशी राणीने दोरी ओढली. टार्गेट ४०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६६ मीटरवर होतं. गोळी केंद्रापासून जेमतेम सव्वा इंचावर लागली. क्रिमियन युद्धाचे फोटो काढून गाजलेला रॉजर फेंटन तिथे होताच. त्याने त्या टार्गेटचाही फोटो काढला. टाळ्या राणीला मिळाल्या, काम रेस्टने केलं.

रायफलीचा नेम जुळवताना आजही हेच करायचं असतं: माणसाला शक्य तितकं बाजूला काढायचं. माणूस श्वास घेतो, त्याचं हृदय धडधडतं, दणक्याच्या धास्तीने त्याचे डोळे मिटतात. गोळी भलतीकडे गेली तर चूक माणसाची की रायफलीची, हे कळायला मार्गच उरत नाही. रेस्टवर ठेवलेली रायफल मात्र आपण कुठे मारतो ते खरं सांगते. ते कळलं की स्कोपचे, म्हणजे वरच्या दुर्बिणीचे, स्क्रू फिरवून नेम आणि गोळी एका जागी आणायची. रेंजवर या कामाला ‘झिरो करणं’ म्हणतात.

आता रेस्ट कसला घ्यायचा, इथून गंमत सुरू होते.

एका मिलिमीटरची किंमत

रायफलीला टेकू लागतो दोन ठिकाणी. एक पुढे, दस्त्याच्या पुढच्या भागाखाली. दुसरा मागे, खांद्याला टेकणाऱ्या टोकाच्या जरा अलीकडे. खरेदीला गेलेल्या माणसाची नजर पुढच्या रेस्टवरच खिळते. त्याला चाकं असतात, स्क्रू असतात, पाण्याचा बुडबुडा असलेली लेव्हल असते. हाताळायला मजा येते. मागची थैली म्हणजे दोन कानांचं चामडी गाठोडं. तिच्याकडे कोण बघतो?

हिशेब करून बघा. दोन टेकूंमध्ये अर्धा मीटर अंतर धरू. मागची थैली फक्त एक मिलिमीटर दबली, तर १०० मीटरवर नेम २० सेंटिमीटर सरकतो. वहीच्या कागदाइतकी, म्हणजे ०.१ मिलिमीटर दबली, तरी २ सेंटिमीटर. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो १०.४ मिलिमीटर. त्या अंतरावर कागदाच्या जाडीने नेम १० मिलिमीटर हलतो. दहा गुण गेलेच म्हणा.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसे मोजकेच असतील तर पुढे साधी वाळूची थैली चालेल, पण मागची थैली चांगली घ्या. ‘सशाचे कान’ म्हणतात तसली, वर दोन उंचवटे आणि मध्ये दस्ता बसायला खाच असलेली.

या थैलीचा एक खास उपयोग आहे. उजव्या हाताने नेम धरणारा नेमबाज आपला डावा हात पुढे न नेता मागच्या थैलीवर ठेवतो. मूठ हळूच आवळली की थैली फुगते, दस्त्याचं मागचं टोक उचललं जातं आणि नळीचं तोंड खाली झुकतं. मूठ सैल केली की नळी वर. स्कोपमधून बघावं तर क्रॉसहेअर केसभर खाली-वर होताना दिसते. हजारो रुपयांच्या चाकांना जमत नाही इतकं बारीक काम मुठीतली वाळू करते.

पुढच्या रेस्टला पाय तीनच का?

कारण तीन पाय कसल्याही उंचसखल जागेवर टेकतातच. चौथा पाय आला की डुगडुगणं आलं. म्हणून पुढचे चांगले रेस्ट तिपाई असतात आणि खाली टोकदार स्क्रू असतात. टेबल मात्र चार पायांचं असून डुलत असेल, तर वर सोन्याचा रेस्ट ठेवूनही उपयोग नाही. परदेशातल्या बेंचरेस्ट, म्हणजे टेबलावरून नेम धरायच्या, रेंजवर टेबलं सिमेंट-काँक्रीटची, जमिनीत रोवलेली असतात ती उगाच नाही.

आवळून धरू नका, राव!

नवख्या माणसाला वाटतं, रायफल शिकंज्यात पकडली की काम फत्ते. इथेच फसगत होते. काडतूस फुटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत साधारण एक ते दीड मिलिसेकंद जातो. पापणी मिटायला याच्या शंभरेकपट वेळ लागतो. पण तेवढ्यात रायफल मागे सरकायला लागलेली असते. साडेतीन-पावणेचार किलोची मध्यम ताकदीची रायफल धरली, तर गोळी बाहेर पडेपर्यंत ती सुमारे दोन मिलिमीटर मागे आलेली असते. हे दोन मिलिमीटर थांबवता येत नाहीत. ते दर वेळी सारखेच व्हावेत एवढंच आपल्या हातात आहे. रेस्टची सगळी विद्या यात आली. एकदा घट्ट, एकदा सैल, एकदा गालाने दाबून, एकदा अलगद अशी रायफल धरली तर गोळ्यांचा सडा पडतो. मग माणूस स्कोपला शिव्या घालतो.

नळी थेट रेस्टवर टेकवणं हा तर हमखास घोटाळा. गोळी सुटताना नळी तारेसारखी थरथरते. तिला मध्येच टेकू दिला की थरथर बदलते आणि गोळी जागा सोडते. टेकू द्यायचा तो दस्त्याला. चांगल्या रायफलीत नळी दस्त्याला शिवतही नाही. दोघांमधून दहा रुपयांची नोट सरसर सरकते का, हे बघायची पद्धत आहे. नोट मध्येच अडकली तर दस्ता नळीला दाबतोय.

पट्टा अडकवायची पुढची कडीही अशीच खोडकर. रायफल धक्क्याने मागे येते, कडी थैलीवर आदळते आणि नळी टुणकन उडते. कडी थैलीच्या बरीच पुढे राहील असं बघा, नाहीतर नेम जुळवताना ती काढूनच ठेवा.

आणि टणक पृष्ठभाग? दगड, लाकडी कठडा, जीपचं बॉनेट? रायफल अशा गोष्टींवर ठेवून गोळी झाडली तर ती उसळते आणि गोळी बहुधा वर लागते. जुने शिकारी दगडावर आधी टोपी किंवा घडी केलेलं जाकीट ठेवायचे, मग रायफल.

जत्रेतल्या बंदुकीचा हट्ट

फुगे फोडायची छऱ्याची बंदूक कुणी चालवलेली नाही? नळी मोडून छरा भरायचा, फळीवर कोपर टेकायचं, एक डोळा मिटायचा. बरेच जण अतिहुशारीने बंदूकच फळीवर टेकवतात आणि फुगा मजेत डोलत राहतो.

यामागे खरंखुरं कारण आहे. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये चाप ओढला की जड पिस्टन पुढे धावतो, म्हणून बंदूक मागे जाते. पिस्टन टोकाला पोहोचून थबकतो, म्हणून बंदूक पुढे हिसका खाते. आणि हा मागे-पुढे झोका होतो तेव्हा छरा अजून नळीतच असतो! शे-दोनशे मीटर मारणाऱ्या दणकट रायफलीपेक्षा ही खेळण्यातली बंदूक रेस्टच्या बाबतीत जास्त नाजूक. तिला टणक टेकू अजिबात खपत नाही. उघडा तळहात पुढे धरायचा, बंदूक त्यावर नुसती ठेवायची, बोटं मिटायची नाहीत. टॉम गेलॉर्ड या अमेरिकन लेखकाने या पद्धतीला ‘आर्टिलरी होल्ड’ हे नाव रूढ केलं, कारण तोफही अशीच आपल्या गाड्यावर मोकळेपणी मागे येते. हवं तर तळहाताखाली थैली ठेवा. पण बंदूक हातावर आणि हात थैलीवर, हा क्रम सोडायचा नाही.

थैलीत भरायचं काय?

या विषयावर नेमबाज जितका वाद घालतात तितका गोळ्यांवरही घालत नाहीत.

वाळू सर्वात जुनी, सर्वात स्वस्त आणि जड. पण ती कोरडी हवी आणि चाळलेली हवी. थैलीची शिवण उसवली की बारीक धूळ स्कोपच्या स्क्रूत आणि रायफलीच्या बोल्टमध्ये जाऊन बसते.

तांदूळ? अमेरिकेत हौशी लोक भरतात. हलका, सहज मिळणारा, दस्त्याचा आकार बरा धरणारा. पण कोकणात किंवा मावळात राहणाऱ्याने हा नाद करू नये. श्रावणापर्यंत थैलीतून टोके चालत बाहेर येतील आणि वासाने घर हैराण होईल ते वेगळंच.

मक्याच्या कणसाचा भरडा आणि अक्रोडाच्या टरफलाचा भरडा मुळात धातूच्या वस्तू घासून चकचकीत करायला वापरतात. काडतुसांची रिकामी पितळी टोपणं साफ करणाऱ्या नेमबाजाच्या घरी तो असतोच, म्हणून थैलीतही शिरला. याचे कण ओबडधोबड असतात, एकमेकांत अडकतात, त्यामुळे थैली दाबली की तशीच राहते. प्लास्टिकचे गुळगुळीत दाणे याच्या उलट. वजनाला अगदी हलके, पाठीवर घेऊन डोंगर चढणाऱ्याला बरे, पण दाबले की मण्यांसारखे घरंगळतात.

चोखंदळांची पसंती मात्र ‘जड वाळू’ला. ओतशाळेत साचे करायला झिरकॉन किंवा क्रोमाइटची वाळू वापरतात, तीच ही. साधी वाळू म्हणजे क्वार्ट्झ. तिची घनता पाण्याच्या २.६५ पट. झिरकॉनची साडेचारपटीहून जास्त. तेवढ्याच थैलीत पावणेदोनपट वजन मावतं आणि थैली टेबलावरून तसूभर हलत नाही. झिरकॉन केरळात चवराच्या किनाऱ्यावर सापडतं. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू म्हणजे इल्मेनाइट, तेही असंच जडशीळ. वाचून कुणी बादली घेऊन निघू नये. ते सरकारी हिशेबात खनिज आहे.

भरायचं किती? पुढची थैली गच्च, बोट दाबलं तरी न खचणारी. मागची किंचित सैल, नाहीतर मुठीत आवळणार काय?

धक्का खाणारी गाडी

मोठ्या बोअरच्या रायफलीने खांदा काळानिळा होतो. त्यावर तोडगा म्हणून रायफल पुढून-मागून बसवायची एक लोखंडी चौकट मिळते. खाली तबक असतं, त्यात शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या किंवा वजनं ठेवायची. धक्का चौकट खाते, माणूस निवांत.

निवांतपणाची किंमत दस्ता देतो. रायफलीला मागे जायला वावच राहिला नाही, तर सगळा जोर लाकडाच्या सर्वात बारीक जागी, म्हणजे मुठीपाशी एकवटतो. तिथे लाकूड चिरतं. म्हणून वजन जपून टाकायचं. शिवाय चौकटीत जुळवलेला नेम खांद्यावर तसाच राहीलच असं नाही. शेवटच्या चार गोळ्या वजन न ठेवता, थैलीवरून मारून खात्री करावी लागते. ज्याचा खांदा दुखरा आहे त्याने ही चौकट जरूर घ्यावी. बाकीच्यांनी जाड जाकीट घालावं.

काटा, शिंगं आणि उंट

आता जरा इतिहासात डोकावू. युरोपातल्या सुरुवातीच्या मस्केट इतक्या अवजड होत्या की शिपाई बंदुकीबरोबर एक दुबेळक्याची काठी घेऊनच हिंडायचा. जमिनीत काठी रोवायची, बेळक्यात नळी ठेवायची, मग बार. जेकब द गेन या डच चित्रकाराने १६०७ मध्ये कवायतीचं सचित्र पुस्तक काढलं. त्यात मस्केटवाल्याच्या चाळीसहून जास्त मुद्रा आहेत, आणि अर्धी कसरत ही की एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात पेटती वात, मग काठी धरायची कुठे!

तिबेटी लोकांनी हा प्रश्न झकास सोडवला. त्यांच्या तोड्याच्या बंदुकीला पुढे दोन लांब टोकदार पाय बिजागरीने जोडलेले असायचे. वापरायचे तेव्हा उघडायचे, एरवी नळीबरोबर मिटवायचे. हे पाय पुष्कळदा तिबेटी हरणाच्या शिंगांचे. आजच्या रायफलीखाली मिटणारा बायपॉड दिसतो, त्याचा हा देखणा पूर्वज.

आणि सर्वात मोठा रेस्ट? उंट! उंटाच्या खोगिरावर फिरत्या खुंटीवर बसवलेली छोटी तोफ म्हणजे जंबुरा. उंट खाली बसला की तोफ स्थिर. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर अब्दालीच्या जंबुऱ्यांनी मराठ्यांना जेरीस आणलं. बोजड तोफा जागच्या हलत नव्हत्या, हे उंट मात्र उठून दुसरीकडे जाऊन बसत होते. रेस्टला पाय फुटले की काय होतं, ते आपल्या लोकांनी फार महागात पाहिलं.

अमेरिकेच्या माळरानावर रानरेडे मारणारे शिकारी दोन काठ्या वरच्या बाजूला चामड्याने बांधून कातरीसारख्या उघडायचे आणि त्यांच्या बेचक्यात जड शार्प्स रायफल टेकवायचे. १८७४ मध्ये टेक्सासातल्या अडोबी वॉल्सच्या लढाईत बिली डिक्सनने जवळजवळ दीड किलोमीटरवरचा घोडेस्वार पाडल्याची कथा अजून सांगतात. खुद्द डिक्सन म्हणायचा, नशिबाने लागली!

पायावर रायफल, हातातून रक्त

त्याच १८७४ सालची आणखी एक गोष्ट. २६ सप्टेंबरला न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर रेंजवर आयर्लंड विरुद्ध अमेरिका सामना झाला. अंतरं ८००, ९०० आणि १००० यार्ड. कृत्रिम टेकूला बंदी. मग काही नेमबाजांनी स्वतःच्या शरीराचाच रेस्ट केला: पाठीवर उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे आणि नळी पायांच्या आधाराने टेकवायची. मागची माशी चक्क दस्त्याच्या शेवटच्या टोकावर बसवलेली, कारण डोळा तिथेच येतो. अमेरिकेचा हेन्री फुल्टन असा उताणा झोपून खेळला आणि १७१ गुण घेऊन सगळ्यांत वर राहिला.

सामना काय रंगला! आयर्लंडच्या मिल्नरने एक अचूक गोळी मारली, थेट मध्यावर, पण शेजारच्या टार्गेटच्या. गुण शून्य. शेवटच्या गोळीला आयर्लंड ९३१, अमेरिका ९३०, आणि पाळी अमेरिकेच्या कर्नल बोडाइनची. त्याच्या हातात जिंजर बिअरची बाटली फुटून हात कापला होता. रुमाल गुंडाळलेल्या हाताने त्याने १००० यार्डांवर मध्य साधला. ९३४ विरुद्ध ९३१. मिल्नरचे ते चार गुण धरले असते, तर निकाल उलटला असता. रेस्ट कसलाही घ्या, आधी टार्गेटचा नंबर बघा.

डॉक्टरांचं जिब्राल्टर

मॅसॅच्युसेट्समधले डॉ. फ्रँकलिन मान हे पेशाने वैद्य, पण उभं आयुष्य एकाच कोड्याच्या मागे: एकाच नळीतून, एकसारख्या गोळ्या, तरी प्रत्येक वेगळ्या जागी का? माणसाचा हात वगळायचा म्हणून त्यांनी जमिनीत काँक्रीटचा भक्कम ठोकळा उभारला. जिब्राल्टरच्या अभेद्य कड्यावरून त्याचं नाव ठेवलं ‘शूटिंग जिब्राल्टर’. वर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच, तिच्यात नुसती नळी, दस्ता नाहीच. गोळी हवेत डुलते का हे पाहायला वाटेत पातळ कागदाचे पडदे टांगले. त्यांचं पुस्तक आलं १९०९ मध्ये. सार असं की नळी, गोळी आणि गोळीचा तळ, यांतल्या बारीकशा खोटीही गोळ्या पसरवतात. रेस्ट कितीही भक्कम केला तरी वाईट गोळी वाईटच.

पाच गोळ्या, भोक एक

मान यांच्या वेडाचा पुढे खेळच झाला. त्याचं नाव बेंचरेस्ट. अमेरिकेत त्याची राष्ट्रीय संघटना १९५१ पासून आहे. टेबलावर रेस्ट, रेस्टवर रायफल. १०० यार्डांवर पाच गोळ्या मारायच्या आणि सर्वात लांबच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजायचं. जितकं कमी तितकं उत्तम. दस्त्याचा पुढचा भाग तीन इंच रुंद, खालून सपाट. थैलीवर टाल्कम पावडर शिंपडतात, म्हणजे रायफल लोण्यावरून घसरावी तशी मागे येते. काही जण तर रायफलीला हातही लावत नाहीत. फक्त एक बोट चापावर, आणि चाप इतका हलका की दोन औंसांत, म्हणजे ५७ ग्रॅममध्ये सुटतो.

मॅक मॅकमिलनने १९७३ मध्ये ०.००९ इंचाचा गट मारला. तो विक्रम ४० वर्षं टिकला. २०१३ मध्ये माइक स्टिनेटने ०.००७७ इंचांचा मारला, म्हणजे ०.२ मिलिमीटर. पाच गोळ्या एकाच भोकातून गेल्या.

मग पंचांना प्रश्न: पाच मारल्या की चार? त्यावर तोड मोठी मजेदार आहे. टार्गेटच्या मागे कागदाची एक पट्टी मोटरने हळूहळू सरकत असते. पुढे भोक एकच, पण मागच्या पट्टीवर पाच वेगवेगळी भोकं उमटतात. चार दिसली की चोरी पकडली.

कोल्हापूरला रेस्ट चालत नाही

ऑलिंपिक नेमबाजीत मात्र रायफलीला कसलाही टेकू चालत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकलं, ते गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने, अशा तिन्ही स्थितींत रायफल स्वतःच्या हाडांवर पेलून. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला पालथ्या स्थितीत जगज्जेतेपद मिळवलं, तेही दोन कोपरं आणि एका पट्ट्याच्या भरवशावर. पालथं झोपल्यावर पुढचा हात जमिनीशी निदान ३० अंशांचा कोन करायला हवा, हेही नियमात लिहिलेलं असतं.

टेकूची मुभा एकाच ठिकाणी, आणि ती रायफलीला नाही, पायाला! गुडघ्यावर बसताना घोट्याखाली एक गोल लोड ठेवता येतो. जास्तीत जास्त २५ सेंटिमीटर लांब, १८ सेंटिमीटर जाड. यात काय भरायचं यावरून पुन्हा तेच वाद. पॅरा नेमबाजीत ज्यांचे हात रायफल पेलू शकत नाहीत त्यांच्यासाठी स्प्रिंगवर डुलणारा स्टँड असतो. तो वजन उचलतो, पण नेम स्थिर ठेवून देत नाही.

मग हे खेळाडू रेस्ट वापरतच नाहीत? वापरतात, पण सामन्याआधी कित्येक महिने. एले, लापुआ, आरडब्ल्यूएस अशा काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत खेळाडूची रायफल यंत्रात पकडतात आणि ५० मीटरवर एकेका बॅचच्या गोळ्या मारून बघतात. तोच कारखाना, तेच खोकं, पण एक बॅच या नळीला मानवते आणि दुसरी नाही. मानवलेल्या बॅचची काडतुसं खेळाडू घाऊक उचलतात. घरी आल्यावर नेम मात्र पुन्हा स्वतःच्या खांद्यावर जुळवायचा. यंत्राची पकड आणि माणसाची पकड एक नव्हे.

एका गोळीवर स्क्रू फिरवू नका

रेस्ट घेतला, थैली भरली, पहिली गोळी दोन इंच डावीकडे लागली. हात शिवशिवतात. थांबा. तीन गोळ्या मारल्यावर जो पसारा दिसतो, तो दहा मारल्यावर सरासरी दीडपटीहून मोठा होतो, रायफल तीच असली तरी. निदान पाच गोळ्या मारा, त्यांचा मध्य काढा, मग स्क्रूला हात लावा. मध्ये नळी हाताला सोसेल इतकी निवू द्या. तापल्या नळीवरून वर येणारी हवा स्कोपमध्ये टार्गेट नाचवते, मे महिन्यात डांबरी रस्त्यावर दिसतं तसंच.

स्कोपच्या स्क्रूचा एक ‘क्लिक’ म्हणजे किती, हेही स्कोपवर लिहिलेलं असतं, मिल किंवा एमओए या कोनाच्या मापांत. ०.१ मिलचा क्लिक १०० मीटरवर बरोबर एक सेंटिमीटर सरकवतो. पाव एमओएचा सुमारे सात मिलिमीटर. आपल्या मीटरच्या रेंजवर मिल सोपा पडतो.

आणि हो, फिरवायचं कुठल्या दिशेला? साध्या स्कोपवर ‘अप’ लिहिलेल्या बाणाकडे फिरवलं की गोळी वर जाते. ऑलिंपिक रायफलींवरच्या जर्मन माशीवर ‘एच’ असतं. ‘एच’ म्हणजे होख, म्हणजे उंच. पण त्याचा अर्थ ‘गोळी वर लागली असेल तर इकडे फिरवा’, आणि फिरवलं की गोळी खाली येते. स्कोपची सवय लागलेला माणूस पहिल्यांदा या माशीला हात लावतो तेव्हा वर लागलेली गोळी आणखी वर पाठवतो. मग तो रेस्ट बदलतो, थैली बदलतो, शेवटी गोळ्यांची बॅचसुद्धा बदलतो.